संघप्रिया पिच्चरच्या हापिसात

शिरोळ, २ फेब्रुवारी २०२५

आण्णांस बाबासोचा जयभीम. वहिनींनापण सांगा.

फोन उचलत न्हाईसा, म्हणून कागद घेतला. खरं सांगायचं तर मला हेच बरं पडतंय. फोनवर तुमी बोलता आणि मी व्हय-व्हय म्हणत बसतो. लहानपणापासनं हेच चाललंय. कागदावर मधी कोण तोडत न्हाय.

विषय तुमच्या पुतणीचाच. मागच्या आयतवारी तुमी भरल्या ताटावरनं उठलासा. "पोरगी पोस्टरं चिकटवणार आणि बाप तिला एसटीत बसवून देणार," म्हणालासा. तिची आई, अंजना, त्या दिवशी जेवली न्हाय. भावकीत चार माणसं विचारायला लागली, थोरला एवढा का तापला म्हणून. मी सांगितलं, मटणात मीठ जास्त झालतं. त्यावरनं अंजना माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाय ते वेगळंच.

दारात जाताना काय ठरलं ते माझ्या ध्यानात हाय. एप्रिल सरंपर्यंत संघप्रियानं तिचं करायचं. त्यातनं धड काय निघालं न्हाय, तर मेच्या पाच तारखेला तिनं पुण्याला, तुमच्या मित्राच्या संस्थेत क्लार्क म्हणून हजर व्हायचं. मी शब्द दिलाय. तुमी मला इथनं उचलून पुण्याला नेलं, स्वतः अर्ध्या भाकरीवर राहून मला आयटीआय करायला लावलं. त्या वायरमनकीवर आज माझा मंडप-साऊंडचा धंदा उभा हाय. तुमाला दिलेला शब्द मी आजवर खाली पडू दिला न्हाय.

आता काम काय ते नीट ऐका, रागात तुमी ऐकलंच न्हाय. कोल्हापुरात स्टेशनच्या बाजूला कृष्णात म्हणून एक जण हाय, त्याचं हापिस. मुंबई-पुण्याचे मराठी पिच्चरवाले त्याला काम देतात, की बाबा आमचा पिच्चर लागणार हाय, तुमच्या भागातल्या माणसाला कळू दे. मग हे फ्लेक्स लावणार, कॉलेजात हिरो-हिरॉईन फिरवणार, मोबाईलवर रील सोडणार. संघप्रिया तिथं इंटर्न, म्हणजे शिकाऊ. सकाळच्या एसटीनं जाते, सांजच्याला येते.

तुमी म्हणाला, डायरेक्टर व्हायचंय तर डायरेक्टरच्या हाताखाली जावं, जाहिरातवाल्याकडं काय लोणचं घालायचंय. मीपण तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, मुंबईत मला कोण ओळखतंय? जे दार उघडं हाय त्यातनं आत शिरते." मला ते पटलं. पगाराचं विचारू नका, ते पुढच्या पत्रात लिहितो.

तुमचा,
बाबासो


शिरोळ, २३ फेब्रुवारी २०२५

आण्णांस जयभीम.

उत्तर आलं न्हाय, येणार न्हाय हे ठाऊकच हुतं. तरीपण लिहितो, कारण सांगितल्याबिगर मला राहवत न्हाय.

पोरीनं नाद खुळा काम केलंय. ती लागल्यावर कृष्णातकडं आलेला पहिला पिच्चर शुक्रवारी जयसिंगपूरला लागला. हिरो नवखा, कुत्रं ओळखत न्हाय त्याला. तरीपण पहिल्या खेळाला बसायला जागा न्हाय. माणसं भिंतीला टेकून उभी. कृष्णातनं मला फोन केला, "बाबासो, ह्या गर्दीतली निम्मी तुमच्या पोरीची." मी त्याला म्हटलं, पुन्हा एकदा सांगा, गाडीचा आवाज हाय, ऐकू आलं न्हाय. गाडीबिडी काय नव्हती. त्यानं पुन्हा सांगितलं.

शिरोळच्या तिकटीला, तीन रस्ते मिळतात तिथं, जो फ्लेक्स लागला तो संघप्रियानं स्वतः डिझाईन केलता आणि माझ्या मंडपाच्या पोरांनी बांबू बांधून उभा केला. लई गाजला. आजूबाजूच्या गावातनं माणसं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायला आली. कसा गाजला, का गाजला, ते एवढं लांबवत न्हाय.

पगाराचं राहिलंच. येण्या-जाण्याचं भाडं देतो कृष्णात. चहा त्याच्याच हापिसात असतो.

तुमचा,
बाबासो


शिरोळ, ९ मार्च २०२५

आण्णांस जयभीम.

तर पोचलं म्हणायचं तुमच्यापर्यंत. वहिनींच्या भावानं फोटो पाठवला म्हणे, आणि तुमी घरात म्हणालासा, "बाबासोच्या पोरीनं हिरो जित्ताच मारला." अंजनाला वहिनींनी सांगितलं. आता आडपडदा ठेवून उपयोग न्हाय, सगळं सांगतो.

मुंबईवाल्यांनी पाठवलेल्या पोस्टरवर हिरो लाल शर्टात दात काढून उभा हुता. संघप्रियाला ते बाजारू वाटलं. ती कृष्णातला म्हणाली, आमच्या भागातला एक फ्लेक्स मला माझ्या मनानं करू द्या. आणि तिनं केला. हिरोचं नुस्तं तोंड, मोठं, काळंपांढरं. नजर खाली. बाजूला सगळं रिकामं. खाली त्याचं नाव, आणि नावाखाली "शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी, सकाळी १० वाजता". मला दाखवला तवा मी म्हटलं, झ्याक.

आण्णा, तुमी पुण्याला असला तरी हिकडचंच रक्त. काय झालं असंल ते तुमाला कळलंच असंल. फ्लेक्स लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिकटीला बघतोय तर फ्लेक्सला झेंडूचा हार. खाली उदबत्ती. दोन म्हातारी माणसं हात जोडून उभी. एक जण मला विचारतोय, "कुणाचा हो पोरगा? वय काय न्हाय बिचाऱ्याचं. रक्षाविसर्जन शुक्रवारीच हाय न्हवं?" आणि आता हसा पाहिजे तेवढं, मी स्वतः गाडी थांबवून हात जोडले. आपणच लावलेला फ्लेक्स हाय हे मला हात खाली आल्यावर कळलं.

कृष्णात फोनवर लई वरडला. मुंबईचा प्रोड्यूसर त्याच्यावर वरडला. संघप्रिया तिकटीला आली तवा तिचं तोंड उतरलेलं. मला वाटलं आता ही रडणार आणि आपण दोघं बांबू सोडणार. पण पोरगी बाजूच्या कट्ट्यावर बसली ती दुपार हुईपर्यंत हललीच न्हाय. येणारा-जाणारा काय बोलतोय ते नुस्तं ऐकत बसली. मग कोल्हापूरला गेली आणि एक लांब पट्टी छापून घेऊन आली. हार काढू दिला न्हाय. हाराच्या खाली, हिरोच्या छातीवर ती पट्टी लावली: "पावणं, मी जित्ता हाय. शुक्रवारी टॉकीजला या, भेटू."

पुढचं तुमाला ठाऊक हाय. मोबाईलवरनं ते चंदगडपर्यंत गेलं. गर्दी त्यानं झाली.

तुमी म्हणणार, ही सगळी फ्लेक्सबाजी, ह्यात डायरेक्शन कुठं आलं. जेवताना तिनं जे सांगितलं ते सांगतो. म्हणाली, "पप्पा, मला आवडलं ते मी लावलं. बघणाऱ्याच्या डोळ्याला ते कसं दिसंल, ह्याचा मी इचारच केला न्हाय. माझ्या पिच्चरमधी पण मी हाच घोळ घातलाय."

तिचा पिच्चर तुमाला ठाऊक न्हाय. तुमाला सांगितलाच न्हाय कुणी, तुमी तापणार म्हणून. गेल्या गळीत हंगामात तिनं मोबाईलवर शूट केलाय. कॅमेऱ्याला तिची कॉलेजातली मैत्रीण, गैबी टेलरची पोरगी शिफा. गोष्ट अशी: उसानं भरलेली ट्रॉली अरुंद बोळात अडकलीय, ड्रायव्हर पळून गेलाय, आणि घरातली बाई, जिनं कधी स्टिअरिंग धरलं न्हाय, ती ट्रॅक्टर मागं घेते. बाई म्हणजे आपली अंजना. व्हय. तुमची भावजय. शेजारच्या गुंडूच्या ट्रॅक्टरवर महिनाभर शिकली. हातावर घट्टे पडले तिच्या.

पिच्चर मला दाखवलता तवा मी निम्म्यातच झोपलतो. बायको पडद्यावर आणि मी घोरतोय. त्यावरनं घरात काय झालं ते लिहीत न्हाय.

तुमचा,
बाबासो


कोल्हापूर, ३० मार्च २०२५

आण्णांस जयभीम.

हे पत्र कृष्णातच्या हापिसाच्या खाली रसवंतीत बसून लिहितोय. साऊंडचं सामान घ्यायला आलतो. रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.

तुमी बरोबर हुता. लिहून देतो, बरोबर हुता. पोरीला राबवून घेतलंय नुस्तं. हिच्याबरोबर यशराज म्हणून एक जण शिकाऊ हुता, तो सोडून गेला, त्याचं कामपण हीच ओढते. मुंबईची माणसं आली की त्यांच्या बॅगा, त्यांचं तांबडा-पांढरा रस्सा खाणं, त्यांची चपलांची खरेदी, सगळं हिच्याकडं. त्यातला एक डायरेक्टरचा असिस्टंट म्हणाला, "तू लई हुशार हाईस, पुढच्या पिच्चरला तुला सेटवर घेतो." पोरीनं खरं धरलं. घरात सगळ्यांना सांगितलं, शिफालापण आपल्याबरोबर नेणार म्हणाली. आता तो फोन उचलत न्हाय. काल ती एसटीतनं उतरली तवा डोळं सुजलेलं. विचारलं तर म्हणाली, धूळ गेली.

मी आज तिला घेऊनच जाणार म्हणून वर चढलतो. कृष्णातला चार गोष्टी ऐकवायच्या हुत्या. पाठ केलत्या सगळ्या. ती टॉकीजवर गेल्याचं कळलं, म्हणून तिकडं गेलो. दुपारचा खेळ चालू. डोअरकीपर ओळखीचा, त्यानं आत सोडलं.

ती शेवटच्या रांगेच्या मागं उभी. पडद्याकडं बघतच न्हाय. पुढच्या माणसांच्या डोक्यांकडं बघतेय. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर बोट ओठावर ठेवलं आणि पुढं दाखवलं. अंधारात एका ठिकाणी मोबाईलचा उजेड पडला. मग दुसऱ्या. मग एकदम दहा-बारा. हळूच म्हणाली, "हितं पिच्चर पडला." थोड्या वेळानं सगळे उजेड गेले. "आता पुन्हा धरला."

हे काम तिला कृष्णातनं लावलेलं. सोमवारपासनं किती खेळ ठेवायचे हे तो ह्यावरनं टॉकीजवाल्याला सांगतो. त्याचा मतलब तेवढाच. पण ही पोरगी एकच पिच्चर रोज बघते आणि कुठं उजेड पडतो, का पडतो, आधी काय झालतं, हे डोक्यात भरते. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पप्पा, माझ्या पिच्चरची सुरवात मी सगळी काढली. आईचा ऊसतोडीचा, चुलीचा, विहिरीचा भाग. शिफा भांडली माझ्याशी, तिचे शॉट लई चांगले हुते. पण ट्रॉली अडकंपर्यंत कोण थांबणार न्हाय." मी म्हटलं, मग राहिलं काय? म्हणाली, "ट्रॉली."

पाठ केलेल्या चार गोष्टी कृष्णातला ऐकवल्या न्हाईत. तरीपण राग हाय. तो असिस्टंट शिरोळच्या बाजूला कधी आला तर बघतो.

तुमचा,
बाबासो


शिरोळ, १३ एप्रिल २०२५

आण्णांस जयभीम. उद्या जयंती, माझी सगळी सिस्टीम मिरवणुकीला जुंपलेली, तरीपण हे लिहिल्याशिवाय मला मिक्सरवर हात ठेवता येणार न्हाय.

काल समाजमंदिराच्या पटांगणात संघप्रियाचा पिच्चर दाखवला. जयंतीच्या आठवड्यातला कार्यक्रम म्हणून तरुण मंडळानं वेळ दिला. पडदा माझा, लग्नातला. स्पीकर माझे. गर्दी तुमी विचारू नका. अख्खी गल्ली, वरच्या आळीची माणसं, गैबी टेलरचं सगळं घर, आणि ट्रॅक्टरवाली पोरं झाडून सगळी, कारण गुंडूनं सांगितलतं, माझं इंजिन पडद्यावर हाय. कोल्हापूरहून कृष्णातपण आलता.

पिच्चर सुरू झाला आणि पहिल्याच मिनटाला ट्रॉली अडकली. अंजना ट्रॅक्टरवर चढली. पडद्यावर एक माणूस हाताची घडी घालून तिला चुकीच्या खुणा करतोय. तो मी. हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

मग तिनं मागं घ्यायला सुरवात केली. डायलॉग न्हाय, गाणं न्हाय, कॅमेरा एका जागी उभा. नुस्तं ते पाठीमागं सरकणं. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं मारावं लागतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालापण ठाऊक. पडद्यावर अंजनानं सुलटं मारलं. पाठीमागनं गुंडू वरडला, "वैनी, उलटं!" लगेच दुसरा, "सोडा, सोडा, वाईच पुढं घ्या." मग सगळं पटांगणच सुरू झालं. डावं, उजवं, थांबा, आता दाबा. बायकापण. गैबी टेलरची म्हातारी आई, जिनं जन्मात ट्रॅक्टर धरला न्हाय, ती हातानं स्टिअरिंग फिरवत बसली. आणि पहिल्या ओळीत बसलेली अंजना मागं वळून म्हणतेय, "ठाऊक हाय मला, गप बसा, घेतेय की."

मी उठून उभा राहिलतो. मला कळलंच न्हाय. हाच भाग बघताना मी घोरलतो, आण्णा. तोच भाग. त्यातलं एक चित्र तिनं बदललेलं न्हाय, नुस्तं त्याच्या आधीचं ओझं काढलंय.

मग मला पोरगी आठवली. बघितलं तर ती पडद्याच्या बाजूला, पडद्याकडं पाठ करून उभी. आमच्याकडं बघतेय. मीपण वळून बघितलं. एवढं पटांगण भरलेलं, आणि एकाच्याही हातात मोबाईल न्हाय.

ट्रॉली बोळातनं सरळ बाहेर आली तवा आधी कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. सगळ्यांनी श्वास सोडला. मग जो कालवा झाला तो माझ्या सिस्टीमलापण झाकता आला नसता. मी रडलो. लाज कसली, रडलो. अभिमान वाटला मला. माझी पोरगी म्हणून वाटला आणि ती नसती तरीपण वाटला असता.

कृष्णात चहा पिताना म्हणाला, "बाबासो, खोटं बोलत न्हाय. माझ्याकडं राहून कोण डायरेक्टर हुत न्हाय. आजवर आलेली सगळी पोरं कुठं ना कुठं नोकरीला लागली. मी हिला काय शिकवलं न्हाय. ज्या कामाला बाकीची कंटाळली, ते हिनं केलं, एवढंच." माणूस सरळ हाय. माझा त्याच्यावरचा राग गेला.

तुमचा,
बाबासो


शिरोळ, ३० एप्रिल २०२५

आण्णांस बाबासोचा जयभीम. हे पत्र कुरिअरनं पाठवतोय, म्हणजे पाच तारखेच्या आत पोचंल.

मुदत आज संपली. हिशोब सांगतो. कृष्णातनं एक सर्टिफिकेट दिलं. नोकरी दिली न्हाय. जूनमधी नवीन पिच्चर येतोय, पुन्हा याच बोलीवर ये म्हणाला. ती न्हाय म्हणाली, तिथलं घ्यायचं ते घेऊन झालंय म्हणाली. मुंबईवाल्याचा फोन आजपण लागत न्हाय. पिच्चर तीन ठिकाणी स्पर्धेला पाठवलाय, कुठनं उत्तर न्हाय. तुमी दारात म्हणालता, धड काय निघालं न्हाय तर. तुमच्या मापानं काय निघालं न्हाय. मी वाद घालत न्हाय.

कालच्याला घरी आलो तर संघप्रिया बॅग भरत हुती. अंजना दारात उभी. मी विचारलं, कुठं? म्हणाली, "पुण्याला. काकांना तुमी शब्द दिलाय." मी म्हटलं, आणि पिच्चर? म्हणाली, "पप्पा, काकांनी तुमाला उभं केलं. माझ्यापायी तुमी त्यांच्यासमोर खोटं पडायचं न्हाय. नोकरी करते, जमंल तवा करते पिच्चर." तोंड हसरं ठेवलतं. हात मात्र एकाच ड्रेसची घडी सारखी मोडून घालत हुते.

आण्णा, ही अक्कल तिला तुमच्यावरनं आली. दुसऱ्यासाठी आपल्या पोटाला चिमटा घ्यायची. तुमी घेतला तवा मी लहान हुतो, मला कळलं न्हाय, मी गपचूप भाकरी खाल्ली. आता मी बाप हाय. मला सगळं दिसतंय. मी गपचूप बसू शकत न्हाय.

म्हणून सरळ लिहितो. ती पाच तारखेला येणार न्हाय. तुमच्या मित्राला सांगा, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, आपल्यातल्याच एखाद्या गरजू पोराला मिळाली तर बरंच. संघप्रिया हितं राहील. सकाळी माझ्या मंडपाचं बुकिंग बघंल, तिचं पोटापुरतं तिथं निघंल, आणि बाकीचा वेळ तिचा. पुढच्या हंगामात दुसरा पिच्चर करणार हाय. कशावर ते मला सांगत न्हाय.

तिला हे मी अजून सांगितलेलं न्हाय. आज सकाळी ती शिफाकडं गेली तवा बॅग उघडली आणि सगळे कपडे परत कपाटात लावले. बायकांच्या कपड्याला घड्या घालायची सवय न्हाय, वाकडंतिकडं लावलंय. अंजना म्हणाली, आण्णांना काय कळवणार?

म्हटलं, खरं तेच. पोरगी तुमाला दिलेला शब्द पाळायला उभी हुती. शब्द दिलता मी, आणि मोडलाय पण मीच.

तुमचा धाकटा,
बाबासो